एकपाठी

“आजी, पान दुसरंच उघडलंय तुम्ही,” नवे पाळकसाहेब वाकून हळूच म्हणाले. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण समोरचा माइक चालू होता. ते वाक्य चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

आजीचं वाचन तोवर खळखळत चाललं होतं. पन्नास वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शास्त्रातला उतारा ती असाच वाचायची. कुठे अडखळणं नाही. आता ती थांबली, पुस्तक मिटून खाली उतरली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

घरी आल्यावर म्हणाली, “मला वाचता येत नाही गं.”

मला वाटलं, चष्म्याबद्दल बोलतेय.

“चष्मा गेला खड्ड्यात! अक्षरच कळत नाही. तुझ्या आजोबांना तेवढं ठाऊक होतं. ते आदल्या दिवशी वाचून दाखवायचे. ते गेल्यावर तुला वाचायला लावलं, नंबर वाढलाय म्हणून.”

माझी आजी एकपाठी होती. एकदा कानावर पडलं की डोक्यातून हलायचं नाही. नवी नवरी असताना तेव्हाच्या पाळकांनी ‘वाच’ म्हटलं, आणि भिडेपोटी तिच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. हिच्या घरी ती पन्नास वर्षं मुक्कामाला राहिली.

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिने जन्म काढला. चादरींवरची वॉर्डांची नावं वाचता येईनात, म्हणून हिने प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाचा टाका घातला. सगळ्यांना ती हुशारी वाटली. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, तिथे अजून तसेच टाके घालतात. ऑपरेशनला निघालेला माणूस थंडीने कमी आणि भीतीने जास्त कुडकुडतो, असं तिचं म्हणणं. त्याच्यासाठी ती इस्त्रीने गरम केलेलं ब्लँकेट घेऊन स्वतः जायची, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि वर “डॉक्टर चांगले आहेत हो, फक्त चिडके आहेत,” असं सांगून त्याला हसवायची. अशी बाई लबाड कशी असेल? पण तिला तेच लागलं होतं.

“देवासमोर उभी राहून खोटं वागले मी,” ती म्हणाली. “आता एकदा तरी खरं वाचायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील.”

मी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. दुसऱ्या दिवसापासून माझा वर्ग घरीही भरू लागला. विद्यार्थिनी बहात्तर वर्षांची आणि भलतीच तोंडाळ. “काय हो बाई, ही जोडाक्षरं काढली कुणी? त्याला माझ्याकडे भांडी घासायला पाठवा!”

अक्षरं आली. खरी अडचण तिच्या डोक्याची होती. दोनदा वाचला की धडा पाठ. तिसऱ्यांदा ती पानाकडे बघायचीच नाही. म्हणून आम्ही सरळ येशूची वंशावळ काढली. नुसती नावंच नावं, ती कुणाला पाठ असतात? वर्षभराने पाळकांना निरोप गेला की येत्या दुसऱ्या रविवारी आजी वाचणार.

शनिवारी भाजी निवडता निवडता तिने अख्खी वंशावळ घडाघडा म्हणून टाकली, आणि रडायलाच लागली. “मेल्या डोक्याला दावं लावता येत नाही गं!”

रविवारी ती वर चढली. पाळकांनी पान उघडून ठेवलं होतं. आजीने माइक जवळ ओढला.

“मंडळी, पन्नास वर्षं मी तुम्हाला वाचून नाही, पाठ म्हणून दाखवलं. मला अक्षर येत नव्हतं. माफ करा. आता येतं, पण हे पानही मेलं पाठ झालंय.” ती पाळकांकडे वळली. “तुम्ही दुसरं काढून द्या. कुणी कधी वाचत नाही असं.”

पाळक गडबडले. चाळून चाळून त्यांनी जुन्या करारातलं मंदिराच्या मोजमापांचं एक रूक्ष पान काढलं. त्यावर कधी कुणी प्रवचन दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आजीने ओळीखाली बोट ठेवलं. पहिला शब्द जुळेना. कुणीतरी खोकलं. पाळकांनी सांगितलेला अध्याय मी माझ्या पुस्तकात काढला होता; पुढे सरकून तो शब्द नुसत्या ओठांनी दाखवला.

“बाई, गप्प बसा,” आजी माइकमधून म्हणाली. सगळे हसले. मग तो शब्द आला. मग दुसरा. एका जोडाक्षरावर ती घसरली, मागे आली, पुन्हा चढली. दाराची रुंदी आली, खांबांची जाडी आली. एरवी तिच्या वाचनात डुलक्या काढणारे म्हातारेही ताठ बसून प्रत्येक मोजमाप ऐकत होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आजी आमच्यासमोर अडखळत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मला रडू आवरेना.

पाळकांनी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते खाली येऊन माझ्याशेजारी आजीच्या जागेवर बसले. भिंतीची उंची अजून यायची होती.