सत्त्याण्णव नंबरची सही

वैष्णवीनं कणकेचा हात ओढणीला पुसला, पेन घेतलं आणि सत्त्याण्णव नंबरच्या ओळीत सही ठोकली. रजिस्टर शंभूनं ओट्यावरच, पिठाच्या डब्याला टेकवून धरलं होतं. शंभू ग्रामपंचायतीचा शिपाई. एरवी चहासाठी वाट वाकडी करून येणारा माणूस, पण आज त्याला टेकायलाही वेळ नव्हता.

"तीनच राहिल्या, वैनी. शेजारी तिघं हायेत घरात. शंभर झाल्या की सुटलो."

"कसली सभा, शंभूकाका?" जुईलीनं विचारलं. तिची नऊ वर्षांची पोरगी जुईली ओट्यावरच पलीकडं बसून एका भाकरीचे आठ सारखे भाग कसे करायचे ते बघत होती. तिचा अपूर्णांकांचा तास चालला होता.

"ग्रामसभा, बाळा. आज अकराला व्हती."

जुईलीनं घड्याळाकडं पाहिलं. पावणेअकरा वाजले होते.

"होती?"

"आता व्हईल की," शंभू म्हणाला, आणि रजिस्टर काखेत मारून चालता झाला.

पुस्तकातली ग्रामसभा फार देखणी असते. झाडाखाली माणसं बसलेली, एक बाई उभी राहून बोलतेय, बाकीचे ऐकताहेत. मुठा खोऱ्यातल्या या गावात ऐन भातझोडणीत झाडाखाली बसायला कोण रिकामं आहे? म्हणून इथं सभाच घरोघर फिरायची. नियमाला शंभर माणसं लागत आणि शंभूला शंभर सह्या. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. वैष्णवीलाही आजवर वाटलं नव्हतं, आणि ती तर सरपंचांचीच सून.

"आई, समायोजित म्हणजे काय?"

"कुठं वाचलंस?"

"रजिस्टरात. विषय क्रमांक चार." जुईलीनं डोळे मिटून म्हणून दाखवलं, "वरच्या वाडीची शाळा पटसंख्येअभावी गावातील शाळेत समायोजित करण्यास ग्रामसभेची हरकत नाही." मग डोळे उघडले. "तू वाचलंस ना?"

वैष्णवीचा हात परातीतच थांबला.

"नाही."

जुईली पुन्हा भाकरीकडं वळली. काही बोलली असती तर परवडलं असतं. त्यांच्या घरच्या शाळेत नियम असा एकच होता आणि तो वैष्णवीनंच घातला होता, की वाचल्याशिवाय आणि समजल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

"समायोजित म्हणजे बंद," वैष्णवी म्हणाली. "सरळ बंद म्हणायला लाज वाटते, म्हणून असं लिहितात."

जुईलीला शाळेतून काढून दोन वर्षं झाली होती. भुकूमच्या बाजूची इंग्रजी शाळा, जाऊन-येऊन अडीच तासांची बस, रोज सकाळी पोटात दुखणं. एका सोमवारी पोरगी बसच्या पायरीवर उलटी करून मागं वळली, तेव्हा वैष्णवीनं तिचं दप्तर काढून घेतलं आणि म्हणाली, बस्स झालं. ती स्वतः एमएस्सी, बीएड. हातातलं सगळं शिक्षण तिनं या एका पोरीवर लावलं. गावानं त्याला शिकलेल्या बाईचं खूळ म्हटलं. म्हणेनात का. उलटं धरलेलं रजिस्टर सुलटं वाचणारी पोरगी गावात दुसरी कुणाची होती?

दुपारी ती चहाची किटली घेऊन खळ्यावर गेली. झोडणीला वाडीवरच्या चार बाया होत्या. कृष्णाबाईनं डोक्यावरचा कपडा सोडून तोंड पुसलं आणि कप घेतला.

"कृष्णाबाई, वाडीवरची शाळा बंद करायचा ठराव झाला. माहितीये तुम्हाला?"

"कवा?"

"आज. ग्रामसभेत."

"आमच्याकडं न्हाई कोन आलं. वर कोन चढतंय?" कृष्णाबाईनं चहात फुंकर मारली. "तुमाला इचारलं व्हतं?"

"माझी सही घेतली. मी वाचलं नाही."

कृष्णाबाईनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं.

"तुमाला तर येतंय की वाचाया."

वैष्णवीनं किटली उचलून पुढचा कप भरला. बाकीच्या बाया चहा पीत ऐकत होत्या.

"मग तुमच्या प्रियंकाचं काय?" तिनं शेवटी विचारलं.

"काय व्हनार? चार किलोमीटर रान, मधी ओढा. गाडी द्यू म्हनत्याल, दोन म्हैने यील, मंग बंद. दिसभर मजुरी सोडून म्या हिला आनू का न्यू? चौथीत हाय, लई झालं. ऱ्हाईल घरी." कृष्णाबाईनं कप विसळून किटलीशेजारी ठेवला. "तुमची बी घरीच हाय की."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. वैष्णवी बांधावरून परत येत होती आणि तिला स्वतःचाच राग येत होता. आपली पोर घरी राहते कारण घरात शिकवणारी आई आहे, पुस्तकांचं कपाट आहे, आणि उद्या हा सगळा घाट फसलाच तर परत जायला शाळा आहेत. प्रियंकाच्या घरी यातलं काय होतं? आणि तरी लोक दोघींना एकच म्हणणार, पोरगी घरी असते.

शिवाय एक जुनी गोष्ट होती, जी तिनं इतके दिवस दडपून ठेवली होती. गेल्या वर्षी शाळाबाह्य मुलांची यादी करायला मास्तर दारात आले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आमची नात पुन्याच्या ऑनलाइन शाळंत हाय." अशी कुठलीही शाळा नव्हती. वैष्णवी आत भांडी विसळत ऐकत होती आणि गप्प राहिली होती, कारण ते तिच्या सोयीचं होतं. धाकट्या भावाला सांभाळत घरी बसलेल्या प्रियंकाचं नाव मात्र त्याच यादीत गेलं होतं. मास्तर चार वेळा तिच्या दारात गेले आणि तिला परत शाळेत घेऊन आले.

संध्याकाळी सासरे, हैबतराव, ओटीवर बसले होते. तिनं चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"आबा, मी उद्या कार्यालयात येऊन माझी सही मागं घेणार आहे."

हैबतरावांनी बशी खाली ठेवली.

"कशापायी?"

"सभा झालीच नाही. मी गेलेच नाही."

"इतकी वर्सं सभा अशीच व्हतीया. आजच बरं आठवलं?" ते काही वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कुणी नाही म्हणायची सवय नव्हती. "ऐक. वाडीची अकरा पोरं खाली आली की गावच्या शाळंचा येक मास्तर वाचतोय. न्हाईतर त्योबी जातोय. गावची पोरं बशीत बसून इंग्रजीला चालल्यात, पट ऱ्हानार कुटनं? येक तर आपल्याच घरात बसलीया."

हे खरं होतं. वैष्णवीनं मान खाली घातली नाही, पण मनात म्हणाली, हे खरं आहे.

"आन निवडनूक तोंडावर आलीया," हैबतराव पुढं म्हणाले. त्यांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं. पक्षाचे दोन झाले होते, आणि तिकीट नेमकं कुणाकडं मागायचं हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. "आता घरातच फाटलं म्हनल्यावर भावकी काय म्हनंल? मास्तर ती शाळाबाह्य पोरांची यादी ठिवून गेल्यात कार्यालयात. माझ्या सहीनं जातीया ती. यंदा काय सांगू त्यास्नी, तूच सांग."

एवढं बोलून त्यांनी चहा पिऊन टाकला. धमकीच होती, पण घरातल्या माणसाला देतात तशी, आवाज न चढवता.

तिचा नवरा किशोर म्हाळुंग्याला एका इमारतीच्या साइटवर सुपरवायझर होता. त्याला तिनं फोन लावला. मागं लिफ्टच्या मशीनचा आवाज येत होता.

"अगं, महिनाभर दम धर. निवडणूक होऊ दे."

"अहो, महिनाभरात शाळेला कुलूप लागेल."

"आणि जुईलीचं नाव यादीत गेलं म्हणजे? मास्तर येणार, मग साहेब येणार, मग नोटीस. दोन वर्षं तू हाडाची काडं केलीस. सगळं घालवशील एका सहीपायी."

"माहितीये मला," ती म्हणाली. आणि तिला खरंच भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणून गप्प बसायचं, हे तिनं गेल्या वर्षी एकदा करून पाहिलं होतं.

सकाळी दहाला ती जुईलीला घेऊन कार्यालयात गेली. शंभू दारात झाडत होता. आत हैबतराव आणि ग्रामसेवक दोघेच.

"भाऊसाहेब, रजिस्टर द्या."

ग्रामसेवकांनी हैबतरावांकडं पाहिलं. हैबतराव खिडकीबाहेर बघत होते. मग भाऊसाहेबांनी रजिस्टर सरकवलं. वैष्णवीनं सत्त्याण्णव नंबरच्या ओळीसमोर, शेऱ्याच्या जागेत लिहिलं: 'मी सभेस हजर नव्हते. सही घरी, ठराव न वाचता केली. माझी सही धरू नये.' 'न वाचता' लिहिताना तिचे कान तापले. जुईली शेजारी उभी राहून एकेक शब्द वाचत होती.

"नव्याण्णव झाल्या, आबा," भाऊसाहेब म्हणाले. "गणपूर्ती होत नाही."

"येक कुनाची बी घ्या की."

"यांनी लेखी दिलंय. आता मागून जोडली तर माझी नोकरी जाईल. सभा परत घ्यावी लागेल."

"घ्या मग. अकराला घ्या उद्या."

"अकराला वाडीवरची माणसं खळ्यात असतात," वैष्णवी म्हणाली. "संध्याकाळी सहाला घ्या. आणि वर जाऊन कुणीतरी सांगून या."

दारात शंभूचा झाडू थांबला. हैबतरावांनी दाराकडं पाहिलं.

"सहाला घ्या," ते शेवटी म्हणाले. "पर म्या ठरावाच्या बाजूनंच बोलनार हाय. समद्यांम्होरं."

"बोला, आबा. मी विरुद्ध बोलणार आहे."

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली. "बरं. खऱ्यानंच चालायचं ठरलंय न्हवं? मग समदंच खरं चालू द्या. भाऊसाहेब, ती मास्तरची यादी काढा."

ती मागं सरेल असं त्यांना वाटलं असावं. जुईलीला घट्ट धरेल, आवाज खाली येईल, संध्याकाळी घरी बोलू म्हणेल.

"काढा," वैष्णवी म्हणाली. "नाव मी सांगते. जुईली किशोर, वय नऊ. आडनाव सरपंचांचंच."

"सूनबाई."

"गेल्या वर्षी मी आतून ऐकत होते, आबा, आणि गप्प बसले. वाडीची शाळा बंद करायची आणि माझ्या पोरीचं नाव लपवायचं, हे दोन्ही माझ्या हातून होणार नाही. येऊ दे कोण यायचंय ते. मी उत्तर देईन." तिचा आवाज कापत होता. तो कापतोय हे सगळ्यांना कळत होतं, आणि तिनं तो सावरायचाही प्रयत्न केला नाही.

भाऊसाहेबांनी नाव लिहिलं, वय लिहिलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

"शाळेत नसण्याचं कारण काय टाकू? यात दिलेत ते असे. स्थलांतर, घरकाम, भावंडं सांभाळणे, शाळा दूर, आजारपण, इतर."

जुईली आईकडं बघत होती. वैष्णवीनं उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात हैबतराव बोलले. दोन वर्षं सगळ्या खोऱ्यात पुण्याच्या शाळेचं सांगत हिंडणारा माणूस टेबलावरच्या कागदाकडं बघत म्हणाला,

"इतर. आन म्होरं लिवा, घरी शिकती. आईपाशी."

भाऊसाहेबांनी लिहिलं. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. हैबतरावांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि हात पुढं केला.

"आना हिकडं. सही करतो."