जत्रेच्या पानावरची घोडी

मी बोलतोय. कुठून, ते शोधा की! माझा धंदाच तो आहे. हां, तिकडं टीव्हीमागं नका बघू, राव. दिवाणावर, उशीच्या डाव्या अंगाला, औषधाची बाटली आणि चुन्याची डबी यांच्या मधोमध पडलोय. सापडलो? मग बसा.

लपलेल्या वस्तू शोधायचं चित्रांचं पुस्तक असतं ना, ते मी. माझं शिक्षण बेताचंच. प्रत्येक पानाच्या तळाला थोडेसे शब्द आहेत, कंगवा, चिमटा, वाटी, छत्री. त्यापलीकडं मला काही वाचता येत नाही. पण खोड्या काढण्यात मी कुणाला हार जाणार नाही. पुण्यातल्या एका चित्रकारानं मला काढलं. त्यानं बगळ्याच्या पायांत चिमटा घातला, केळीच्या फाटक्या पानात कंगवा बसवला, नवरीच्या अंबाड्यात उंदीर कोंबला आणि स्वतःशीच हसत राहिला. ते हसू शाईबरोबर माझ्या अंगात मुरलं ते कायमचं.

कळंबजवळच्या एका वस्तीवर मला आणलं आरतीनं. ती पुण्यात नोकरी करते. दिवसभर कॉम्प्युटरकडं बघून डोकं उठायचं, त्यावर उतारा म्हणून तिनं मला घेतलं आणि सुट्टीला आली तेव्हा मला घरीच विसरून गेली. आता माझ्या कव्हरवर ठळक छापलंय, 'फक्त मोठ्यांसाठी'. झालं! तिच्या आजीनं, ठकूबाईनं, ते वाचलं आणि मला पदराखाली झाकून थेट धान्याच्या कोठीमागं दडपलं.

"काय व्हतं गं ते?" आजोबानं, म्हणजे दादाभाऊनं, विचारलं.

"तुमच्या कामाचं न्हाई. ह्या वयात तर मुळीच न्हाई."

असं म्हटल्यावर कुठला म्हातारा गप बसेल? ठकूबाई दळण घेऊन गिरणीकडं निघाली रे निघाली की दादाभाऊनं मला बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि जीव मुठीत धरून पहिलं पान उघडलं. भाजीबाजार! वांगी, गवार, कोथिंबीर! त्याचं तोंड असं पडलं की मला पोट असतं तर ते धरधरून हसलो असतो. पण मग त्याची नजर भोपळ्यावर अडली. भोपळ्याच्या देठात चमचा होता. "आयला!" म्हणाला. मग विळी दिसली. मग छत्री. ठकूबाई दळण घेऊन आली, दार बडवून दमली, ह्याला पत्ता नाही.

ते दिवस आठवले की अजून माझी पानं फडफडतात.

रोज सकाळी दुधाच्या किटलीबरोबर मी पिशवीतून डेअरीवर जायचो. दूध घालून झालं की माणसं कट्ट्यावर रेंगाळायची आणि मी मधोमध उघडा पडायचो. त्यांनी कायदा केला होता. दिसलं त्यानं बोट लावायचं नाही. "हाय!" म्हणायचं आणि तोंडावर हात ठेवायचा. बाकीचे मग तळमळायचे. आणि माणूस तळमळताना बघणं, अहाहा, त्यासारखं सुख नाही. एकदा दिसलेली वस्तू मात्र परत लपवता येत नाही. ज्या केळीत काल नुसतं पान होतं, तिथं आज कंगवाच कंगवा. माणसं स्वतःवरच चिडायची, "असा समोर व्हता की रं!"

शोधायची तऱ्हा ज्याची त्याची. रिटायर झालेले गुरुजी पेपर तपासल्यासारखे ओळीनं जायचे. डेअरीचा प्रबुद्ध दुधाची फॅट लावता लावता एक डोळा माझ्यावर ठेवायचा आणि तिकडं दूध सांडायचं. आणि दादाभाऊचा जिगरी दोस्त गेणभाऊ! तो तर चित्राकडं बघायचाच नाही. तो दुसऱ्यांच्या डोळ्यांकडं बघायचा. कुणाची नजर कुठं थबकली की तिथं झडप घालून "हाय!" ओरडायचा. अट्टल चोर. माझा लाडका.

पण सगळ्यात जास्त मळलं ते माझं जत्रेचं पान. त्यात पाळणे आहेत, रेवडीची दुकानं आहेत आणि मागं टेकाडावर बैलगाडा पळतोय. दादाभाऊनं ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा शर्यतींवर बंदी होती. गावच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, कंबरेइतकं गवत वाढलेलं. दादाभाऊ तरुणपणी गाड्याच्या पुढं घोडी पळवायचा. आमच्या ह्या भागात गाड्यावर माणूस नसतो, बैल पुढच्या घोडीमागं उधळत सुटतात. त्यामुळं त्यानं पान बघितलं, बैल बघितले, गाडा बघितला आणि विचारलं, "घोडी कुठाय?"

यादीत घोडी नव्हती. चित्रातही नव्हती. पुण्याच्या चित्रकाराला घोडी माहीत असायचं कारणच काय? पण कट्ट्यावर हे कुणाला पटेना.

"नाना, त्यानं काढलीच नसंल," प्रबुद्ध म्हणाला. कट्ट्यावर दादाभाऊचा नाना झाला होता.

"गाडा हाय म्हंजी घोडी हायच. बिनघोडीचा गाडा कोण काढंल? लपवलीय बेट्यानं!"

आणि माणसं शोधायला लागली! पाळण्यात शोधली, ढगात शोधली, रेवडीवाल्याच्या मिशीत शोधली. वर्षामागून वर्षं. जे नाहीच ते शोधताना मी त्यांना बघत होतो आणि आतल्या आत लोळत होतो. दादाभाऊ रोज शेवटी त्या पानावर यायचा. टेकाडावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "आजबी न्हाई सापडली." मग सगळे उठून घरी.

पुढं बंदी उठली. घाटातलं गवत निघालं, भंडारा उधळला, लाउडस्पीकर बोंबलायला लागले. पण तोवर दादाभाऊचे गुडघे गेले होते. घोडीवर बसणं संपलं. म्हणून गावानं त्याला मान दिला झेंडीचा. वर रेषेवर उभं राहायचं, गाडा रेषेवर आला की झेंडी खाली टाकायची, घड्याळ तिथं थांबतं. घाटात त्याला उरलेली तेवढी एकच जागा. यात्रा आली की हा महिनाभर आधी झेंडी धुऊन वाळत घालायचा.

आता जे सांगतो ते त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. आधी दादाभाऊ मला बघताना नाक पानाला लागेस्तोवर वाकायचा. मग एक दिवस तो आरामात मागं रेलून बसायला लागला. बोट माझ्या पानावर आणि डोळे डेअरीच्या पत्र्यावर. तरी बोट बरोबर चिमट्यावर, बरोबर उंदरावर. लोक म्हणायचे, "नानाची नजर बघा, घारीवानी!" कसली घार! ह्याला मी तोंडपाठ झालो होतो. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि झेंडी जाईल ह्या भीतीनं तो कुणाला कळू देत नव्हता. चढावरून चार बैल अंगावर येणार आणि ह्याला दिसणार नुसती धूळ. मी इतक्या वस्तू लपवल्या, पण ह्या म्हाताऱ्यानं जे लपवलं होतं त्याची मलाच धास्ती वाटायची. सांगणार कुणाला? मला पानं आहेत, तोंड नाही.

यंदाच्या यात्रेची बैठक होती त्या दिवसाची गोष्ट. दादाभाऊ मला कट्ट्यावर ठेवून किटली विसळायला गेला. गेणभाऊनं प्रबुद्धाच्या खिशातलं काळं पेन काढलं आणि जत्रेचं पान उघडून बैलांच्या पुढं चांगली ठसठशीत घोडी काढली. चार पाय, शेपटी, सगळं.

"भाऊ, काय करताय?" प्रबुद्ध हसायला लागला.

"गप. आज झेंडी मिळायची त्याला. म्हणलं, घोडीबी सापडू दे गड्याला."

दादाभाऊ आला, बसला. बाजार झाला, लग्न झालं, जत्रा आली. सगळे हसू दाबून बसलेले. दादाभाऊचं बोट टेकाडावर गेलं, बैलांवरून पुढं सरकलं, त्या काळ्याकुट्ट घोडीच्या पाठीवरून फिरलं.

"आजबी न्हाई सापडली."

प्रबुद्ध खो खो हसला. त्याला वाटलं, नाना उलटी फिरकी घेतोय. गेणभाऊ मात्र हसला नाही. त्याला सवय ना, दुसऱ्यांच्या डोळ्यांकडं बघायची. त्यानं दादाभाऊचे डोळे बघितले. मग मला हळूच मिटलं आणि दादाभाऊच्या पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी बैठकीत मी पिशवीतच होतो. झेंडीचा विषय निघाला आणि गेणभाऊ उभा राहिला. "यंदा झेंडी माझ्याकडं द्या."

"गेण्या," दादाभाऊ म्हणाला, "चेष्टा हितं नको."

"चेष्टा न्हाई. दरवर्षी तूच का? आमाला काय हात न्हाईत?"

"जल्मभर माझ्यामागं पळालास, आता म्होरं निघालास व्हय?"

"व्हय, निघालो."

वाद नको म्हणून गावानं झेंडी गेणभाऊला दिली. दादाभाऊ घरी आला, मला कोनाड्यात फेकलं आणि त्या दिवसापासून गेणभाऊशी बोलणं बंद. कट्ट्यावर जाणंही बंद. लोक गेणभाऊला काय काय बोलले! दोस्ताच्या ताटातला घास काढला म्हणाले. त्यानं एका शब्दानं कुणाला खरं सांगितलं नाही. फक्त ठकूबाईला परसात गाठून घोडीचा किस्सा सांगितला आणि म्हणाला, "वहिनी, त्याला काय दिसत न्हाई. बघा तेवढं."

यात्रेच्या दिवशी दादाभाऊ घरात तोंड फिरवून पडला होता. मी कोनाड्यातून लाउडस्पीकर ऐकत होतो. गेणभाऊ बैलांना लहानपणापासून भितो, ते गावाला पाठ. "अहो गेणभाऊ, झेंडी टाका, झेंडी! पळताय कुठं? बारी बैलांची हाय, तुमची न्हाई!" अख्खा घाट हसत होता. आणि तो गडी प्रत्येक बारीला, म्हणजे दर गाड्याच्या वेळी, परत रेषेवर येऊन उभा राहत होता.

यात्रा सरली तशी ठकूबाईनं आपला डाव टाकला. "आहो, माझं डोळं चुरचुरत्यात. मंचरला शिबिर हाय. सोबत चला." हा गेला. तिथं तिनं डॉक्टरांना काय खुणावलं कोण जाणे, खुर्चीवर बसवलं ते ह्यालाच.

"मला न्हाई, हिला दाखवायचंय!"

"आधी तुमी बसा, मला भ्या वाटतंय," ठकूबाई म्हणाली. माझ्यापेक्षा पोचलेली बाई.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून स्वारी ओट्यावर बसली आणि कंटाळून शेवटी मला मागवलं. पान उघडलं आणि चष्मा नाकावर खाली ओढला. "ठके, हे आभाळ निळं हाय? मी आपलं मातकटच समजत व्हतो!" भाजीबाजार बघितला, लग्न बघितलं. कडंनं कडंनं, नव्या नवरीसारखं मला न्याहाळत होता. मग जत्रा उघडली.

"आरं! घोडी?" मग चष्मा वर करून, "घोडी कसली, शेळी वाटतीय. कुणी काढली गं ही?"

"गेणभाऊंनी."

"कवा?"

"बैठकीच्या दिवशी सकाळी. तुमी तिच्यावरनं बोट फिरवलंत आन् म्हणलात, न्हाई सापडली."

दादाभाऊनं पान मिटलं, मला पिशवीत घातलं आणि काठी न घेताच निघाला.

गेणभाऊ कांद्याच्या चाळीत सडके कांदे निवडत होता. मान वर केली नाही.

"पेन हाय का?" दादाभाऊनं विचारलं.

"कशाला?"

"घोडीला लगाम न्हाई काढलास. बिनलगामाची पळंल का?"

गेणभाऊनं खिशातून पेन काढलं. प्रबुद्धाचंच, परत दिलंच नव्हतं चोरानं. दादाभाऊनं कांद्याच्या ढिगावर मला पसरलं, लगाम काढला. मग जीभ दाताखाली धरून घोडीवर एक माणूस काढला. डोकं मोठं, पाय काड्यांसारखे.

"हा कोण?"

"तू."

"मी? मला कुठं बसता येतंय घोडीवर? भ्या वाटतं मला."

"झेंडीपाशी तरी कुठं उभं राहता येत व्हतं? राह्यलास की."

गेणभाऊनं कांदा उगाच उलटसुलट बघितला. नाक ओढलं. "कांदा लई तिखट निघालाय यंदा," म्हणाला.

आता मी म्हातारा झालोय. पाठीला चिकटपट्टी, अंगावर चहाचे गोल, एका पानाला कसलीशी फोडणी लागलेली. छापणाऱ्यानं मला बघितलं तर ओळखणार नाही. येत्या यात्रेला झेंडी कुणाची, ह्यावर दोघांची रोज भांडणं चालतात. हा म्हणतो, तूच धर, तो म्हणतो, मला जीव प्यारा आहे.

तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर एवढं ऐका माझं. त्याला एकट्यानं उघडू नका. शेजारी कुणाला तरी बसवा, भांडा, फसवा, खुशाल चोरून बघा. आणि बघता बघता शेजारच्याचे डोळेही एकदा बघा. बरं, निघतो. फाटकाची कडी वाजली, गेणभाऊ आलाय, आणि स्वयंपाकघराच्या पानावरची ती वाटी आहे की बशी, ह्यावर आज निकाल लागायचाय. मला ठाऊक आहे. सांगणार मात्र नाही.