मधल्या वाटीतले सतरा रुपये

मित्रांनो, माझ्या पोटात सात वाट्या आहेत, पण हळद-तिखटाचा कण त्यांना कधी लागला नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून दिग्रसच्या मन्सूरने मला घडवलं. सहा वाट्या कडेला, एक मधोमध, वर घट्ट झाकण. "असा मसाल्याचा डबा साऱ्या बाजारात भेटनार नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. प्रत्येक डब्याबद्दल तो हेच म्हणायचा. माझ्याबद्दल मात्र ते खरं होतं, असं मी अजून मानतो.

एकोणीसशे अठ्ठावन्नची दिवाळी झाली आणि मानीबाईने मला विकत घेतलं. ती आणि तिचा नवरा फुलसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरून नुकतेच दिग्रसला आले होते. फुलसिंगला कापसाच्या जिनात काम लागलं होतं. पण खोली घेण्याचं खरं कारण काम नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मानीबाईचं पहिलं मूल बाळंतपणात अडून गेलं होतं. नाल्याला पूर होता आणि बैलगाडी अलीकडच्या काठावरच थांबली होती. त्या लेकराने तिला एकदाही 'याडी', म्हणजे आई, म्हणून हाक मारली नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला बाळंतपण दवाखान्याच्या जवळच करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

खोली हुस्नाबीची होती. हुस्नाबी शिंप्याची विधवा. एका खोलीत स्वतः राहायची आणि दुसरीच्या महिना पाच रुपये भाड्यावर पोट भरायची. मानीबाई तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली.

तांड्यात पाणी झऱ्याचं आणि सरपण रानातलं. इथे लाकडाची मोळी विकत घ्यावी लागली, तेव्हा मानीबाई चक्क रडली. मग तिने मला पुढे ओढलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण डोकं लख्ख होतं. भाडं, ज्वारी, सरपण, रॉकेल, कावडीचं पाणी आणि मीठ-मिरची अशा सहा वाट्या तिने ठरवल्या. मधली वाटी बाळंतपणाची. मसाला बिचारा कागदाच्या पुड्यांतच राहिला.

पहिल्या हप्त्याला, म्हणजे आठवड्याच्या पगाराला, तिने सगळ्या वाट्यांत सारखेच पैसे टाकले. तिचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून देशोदेशी नेत, आणि बैलाच्या दोन्ही बाजूंना सारखंच वजन हवं, नाहीतर गोणी घसरते. हे तिच्या रक्तातच होतं. महिनाअखेरीस रॉकेलच्या वाटीत पैसे लोळत होते आणि भाड्याच्या वाटीत दोनच रुपये. हुस्नाबीला हसू आवरेना.

"मानी, भाडं अन् काडीपेटी एका तोलाची असते काय वं? बैल लादून राह्यली का घर चालवून राह्यली?"

त्या दिवसापासून आधी भाडं, मग ज्वारी, मग बाकीचं, असा क्रम लागला. मधल्या वाटीत मात्र हप्त्याला बारा-चौदा आणे पडायचेच. एकदा हुस्नाबीने सुट्टे मागितले, तर मानीबाईने वाटीवर तळहात ठेवला. "खाला, ह्या वाटीले हात नोको लावू. हे माह्या लेकराचं व्हय." हुस्नाबीने मान हलवली. त्या महिन्यांत माझं कौतुक गल्लीभर झालं. शेजारणी मला बघायला येत, आणि मीही जरा फुगलो होतो हे कबूल करतो.

चैत्र संपला आणि कापसाचा हंगाम सरून जिन बंद झालं. तांड्यात फुलसिंगच्या बहिणीचं लग्न होतं. मधल्या वाटीत तोवर सतरा रुपये जमले होते. लग्नघरी पैसा टिकत नाही म्हणून मानीबाईने मला खोलीतच ठेवलं, चूल सारवली, कुलूप घातलं आणि दोघं गेली. परत कधी येणार, हे सांगायचं तिला सुचलंच नाही. तांडा उठतो तेव्हा कोण कोणाला सांगून जातं?

वैशाख गेला. ज्येष्ठ निम्मा सरला. भिंतीपलीकडून मला सारं ऐकू यायचं. हुस्नाबी शेजारणीकडे पीठ उसनं मागायची, मग तेही मिळेनासं झालं. एका दुपारी तिने दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडलं. माझं झाकण काढलं. कडेच्या वाट्या रिकाम्या होत्या. तिची बोटं मधल्या वाटीवर आली आणि थांबली.

"हे त लेकराचं व्हय," ती स्वतःशीच बोलली. "याले मी हात कसा लावू?"

मित्रांनो, मी पत्र्याचा. मला ओरडता आलं असतं तर म्हणालो असतो, घे गं बाई, त्यातले दहा रुपये घे आणि खोली राख! तिने झाकण लावलं. मला फडक्यात बांधून स्वतःच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका मास्तरांनी दोन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं आणि खोली त्यांची झाली.

ज्येष्ठ संपता संपता मानीबाई आली. तिचे दिवस भरत आले होते. ओट्यावर तिची भांडी गाठोड्यात बांधून ठेवलेली होती.

"खोली देऊन टाकली, मानी," हुस्नाबी म्हणाली. "दोन महिने झाले, ना तू, ना तुहा सांगावा. माही चूल त्या पाच रुपयावरच पेटते."

"आम्ही होतोच कुठी, खाला? तांड्यात चूल इझली का जागा मोकळी. नसलेल्या मानसाचं भाडं कायचं?"

"भाडं खोलीचं रायते बाई, मानसाचं नाही."

"मंग वाटीतून घ्याचं होतं ना!"

"तूच त म्हनली होती, हात लावू नोको म्हनून."

मग हुस्नाबी म्हणाली, "माह्या खोलीत राह्य. बाळंतपन इथंच करू." मानीबाई हो म्हणणार होती. पण फुलसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "ज्या दारातून सामान निंघालं, त्या दारात मी पाय नाही ठेवत," तो म्हणाला. दोन दिवस तो गावभर खोली शोधत फिरला. ती मिळाली नाही. हुस्नाबीने मला पेटीतून काढून मानीबाईच्या हाती दिलं आणि आम्ही तांड्यावर परतलो.

आषाढात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडीत तिच्या उशाशी मी होतो. नाला तोच, पूरही तसाच. गाडी अलीकडच्या काठावर उभी राहिली. माझ्या पोटात सतरा रुपये होते आणि त्यांचा काडीइतका उपयोग नव्हता. मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत होती.

भाद्रपदात मानीबाई मला काखेत घेऊन पायी दिग्रसला आली. हुस्नाबीसमोर बसून तिने माझं झाकण उघडलं आणि मधल्या वाटीतले दहा रुपये मोजून ठेवले.

"घे, खाला. दोन महिन्याचं भाडं."

"नाही वं माय! हे लेकराचं व्हय."

"लेकराचं होतं. आता ती वाटी कोनाचीच नाही." उरलेले सात तिने पदराला बांधले. "डबा बी तुह्यापाशीच राहू दे. तांड्यात त्याले काय काम?"

हुस्नाबी तिला धरून खूप रडली. मानीबाई रडली नाही. ती पुन्हा कधी दिग्रसला आली नाही.

आज माझा पत्रा गंजला आहे. हुस्नाबी अजून माझ्या सहा वाट्या पैशांसाठी वापरते, मधलीत मात्र काही टाकत नाही. नवा भाडेकरू आला की आधी मला उघडून दाखवते आणि म्हणते, "गावाले जाशीन त सांगून जाय."

तुम्हीही मोठे व्हाल, कुठेतरी पहिली खोली घ्याल. वाट्या जरूर करा, मित्रांनो. पण एका वाटीने दुसरीला कधी हात द्यायचा, हेही घरात बोलून ठेवा. आणि मी कधी तुमच्या हाती लागलो, तर झाकण जरा हळू लावा. मधली वाटी रिकामी आहे, ती वाजते.