पान तेहेतीसच्या पुढे

मी एक पुस्तक बोलतोय. बोलतोय हेच नवल समजा, कारण साठ वर्षं माझं तोंड अर्धंच उघडं होतं आणि ते पूर्ण उघडावं असं कुणालाही वाटलं नाही. बरं, मी काही व्याकरणाचं किंवा कायद्याचं रुक्ष पुस्तक नव्हे. मी चक्क विनोदाचं पुस्तक आहे. 'हसऱ्यांची बैठक' हे माझं नाव. बैठक कधीची मांडून ठेवली होती, पण हसायला कुणी फिरकलं नाही.

मला लिहिलं कैरवानच्या सी अम्मार नावाच्या शाळामास्तरांनी; सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. गावातल्या व्यापाऱ्यांच्या, न्हाव्यांच्या आणि काझींच्या फजितीच्या गोष्टी त्यांनी उभा जन्म गोळा केल्या आणि पदरमोड करून ट्युनिसच्या एका छापखान्यात छापून घेतल्या. फ्रेंच देश सोडून गेले होते, पण त्यांच्या काही खोडी छापखान्यात मुक्कामाला राहिल्या होत्या. मोठा कागद छापायचा, घड्या घालायच्या, शिवायचा आणि तसाच विकायचा. घड्या कापायचं काम वाचणाऱ्याचं. त्याने सुरी घ्यावी आणि कापत कापत वाचत जावं. न कापलेल्या पुस्तकात काही पानं दिसतात, बाकीची पाकिटासारखी बंद असतात. यात विनोदाच्या पुस्तकाची काय गत होते बघा. गोष्टीची सुरुवात उघड्या पानावर आणि हसू येण्याची जागा नेमकी बंद घडीत.

माझे पहिले मालक सी मुख्तार, टपाल खात्यातले साहेब. मुलाच्या सुंतेला पाहुणे येणार म्हणून त्यांनी दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं, आणि कपाट रिकामं दिसू नये म्हणून पुस्तकं आणली. सुताराने दिलेल्या मापाने आणली. पाहुणे म्हणायचे, "माशाल्ला! सी मुख्तार, एवढं सगळं वाचलंत?" साहेब खाली बघून नम्रपणे खोकायचे. तो खोकला मी पुढे कित्येक वर्षं ऐकला. साहेब गेल्यावर मुलांना कपबश्या ठेवायला कपाट हवं होतं. आम्हाला पोत्यात भरून दब्बागीन गल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वजनावर घातलं.

दुकानदार बशीरकाका पक्का जाणता माणूस. त्याने मला उलटंसुलटं केलं, न कापलेल्या घड्यांवरून बोट फिरवलं आणि मला पोत्यातून काढून वरच्या फळीवर बसवलं. तिथेच मला वज्दी भेटला.

वज्दी साहित्याचा विद्यार्थी. बाब सूइका मोहल्ल्यात आई आणि धाकटी बहीण हैफा यांच्याबरोबर राहतो. पुस्तकांवर याचं प्रेम खरं, हे मी शपथेवर सांगतो. त्याने मला हातात घेतलं, डोळे मिटले आणि असा खोल वास घेतला, की मला उगाचच भरून आलं.

"बशीरकाका, ही पानं अशी चिकटलेली का?"

"चिकटलेली नाहीत रे, न कापलेली आहेत. कोरं करकरीत! आणि ऐक, सुरी लावू नकोस. सुरी लावलीस की याचा भाव गेलाच."

"मग वाचायचं कसं?"

बशीरकाकाने त्याच्याकडे जरा दयेने बघितलं. "वाचायचं असेल तर दुसरं काहीतरी घे ना, लेका."

वज्दीने मलाच घेतलं.

घरी आल्यावर मला काम लागलं. या मुलाला नेटवरच्या गमती शोधायचा नाद. दिवसभर खणत बसायचा आणि सापडलं की आपल्या पेजवर टाकायचा. कुठल्याशा खाटकाच्या दुकानावरची पाटी, 'आमचा बोकड कालपर्यंत तुमच्यासारखाच आनंदी होता.' एकाच गावाकडे दोन उलट दिशांना बाण दाखवणारा रस्त्यावरचा फलक. परीक्षेच्या हॉलमध्ये प्राध्यापकाच्या खुर्चीत झोपलेली मांजर, खाली वज्दीची ओळ, 'या विभागात गुणवत्तेवर झालेली पहिलीच नेमणूक.' लोक खिदळायचे. आणि एवढं सगळं तो ज्या फोनवर बघायचा तो फोन टेकवलेला असायचा माझ्या पाठीला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

फोटोतही मी असायचो. माझ्यावर कॉफीचा कप, बाजूला चष्मा. चष्म्याला नंबर नव्हता. कपाचा गोल वळ मात्र माझ्या अंगावर कायमचा उमटला.

पुढे तर त्याने कमालच केली. नेटवर सापडलेले विनोद तो माझ्या नावावर खपवायला लागला. 'माझ्या दुर्मीळ पुस्तकातून, सी अम्मार, पान एकशे सात.' माझं पान एकशे सात घडीच्या आत अंधारात बसलेलं! आणि विनोद कुठला? सासूचा. सी अम्मारांनी सासूवर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांची सासू त्यांच्याच घरात राहायची.

हैफाला दाट संशय होता. "काय रे संशोधक, हे पुस्तक तू रात्रीत वाचतोस की स्वप्नात?"

"तुला काय कळतंय? दुर्मीळ पुस्तकं अशी बदाबदा वाचायची नसतात."

"हो ना. त्यांच्यावर कॉफी ठेवायची असते."

एकदा त्याला माझ्यातलं खरंखुरं पान दाखवायची हुक्की आली. उघडं पान हवं, म्हणून त्याने पान तेहेतीसचा फोटो टाकला. त्या पानावर सी अम्मारांची लाडकी गोष्ट सुरू होते. कैरवानचा एक गालिच्यांचा व्यापारी. त्याच्या घरी पुस्तकांचं भलंमोठं कपाट. शेजाऱ्याची शेळी आत शिरते आणि एक पुस्तक खाते. व्यापारी भरपाई मागायला काझीकडे जातो. काझी विचारतो, 'त्या पुस्तकात होतं काय?' इथे पान संपतं आणि घडी सुरू होते.

त्या फोटोखाली एका म्हातारीने लिहिलं, 'बाळा, मी झुबैदा. सी अम्मार माझे वडील. लहानपणी रोज झोपताना ते मला ही गोष्ट सांगायचे, आणि काझीने उत्तर द्यायच्या आत मला झोप लागायची. पूर आला त्या वर्षी घरातल्या सगळ्या प्रती वाहून गेल्या. बाबाही नंतर फार जगले नाहीत. काझीने काय निवाडा दिला ते मला आजतागायत माहीत नाही. पुढचं पान टाकशील का?'

वज्दीने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला, कारण नेमकं त्याच आठवड्यात मला गिऱ्हाईक लागलं होतं. मर्साचा एक दंतवैद्य. दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि घरी फक्त न उघडलेली पुस्तकं जमवायची, असा त्याचा छंद. माझ्या बदल्यात तो वज्दीला नवाकोरा फोन घेऊन देणार होता. अट एकच, एकही घडी कापलेली नसावी. वज्दीच्या जुन्या फोनची काच इतकी तडकली होती, की मांजरीचे फोटो वाघाचे वाटायचे.

मग त्याने काय केलं? जे येत होतं तेच. नेटवरून एक शेवट शोधला आणि म्हातारीला लल्ला, म्हणजे बाईसाहेब, अशी अदबीने हाक मारून कळवला, 'लल्ला, काझी म्हणाला, शेळी कापा आणि पुस्तक बाहेर काढा.'

मी पाठीला फोन घेऊन उभा होतो. मला ओरडता आलं असतं तर बाब सूइका गोळा केलं असतं. त्या बाईने सगळा जन्म त्या एका वाक्यासाठी काढला, आणि हा तिला दुसऱ्याचं उष्टं वाढत होता.

उत्तर लगेच आलं. 'नाही बाळा. माझे बाबा शेळीला मारायचे नाहीत. तू घाईत वाचलं असशील. राहू दे, मीच येते.'

आणि ती खरंच आली. कैरवानहून वडापसारख्या लुआज गाडीत दाटीवाटीने बसून, मांडीवर मक्रूद या खजुराच्या मिठाईचा डबा घेऊन. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, निवृत्त मुख्याध्यापिका. वज्दीच्या आईने चहात चिलगोजे घालून दिले. झुबैदाने चहा तसाच ठेवला आणि मला हातात घेतलं. आधी बापाच्या नावावरून हात फिरवला. मग पान तेहेतीस काढलं, उलटायला गेली आणि थांबली.

"बाळा, हे तर कापलेलंच नाही."

हैफाने मक्रूद तोंडात घालून स्वतःचं तोंड बंद केलं.

"मग ती पान एकशे सातवरची सासू?" झुबैदाने विचारलं.

"ती... नेटवरची होती, लल्ला."

"तरीच! आमच्या आजीने ते वाचून बाबांना घरात राहू दिलं असतं होय!"

तिने रागवायला हवं होतं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई, कान धरायचा तिला सराव होता. पण वज्दीने दंतवैद्याचं सांगितल्यावर ती म्हणाली, "शब्द दिलायस? मग कापू नकोस. माझ्या हौसेपायी तुझं नुकसान कशाला? मी अशीच बघते."

आणि तिने घडीची कड बोटाने फुगवली, चष्मा कपाळावर चढवला आणि एक डोळा मिटून दुसरा त्या फटीला लावला. "'व्यापारी... दाढी...' पुढे अंधार आहे रे. थांब, उजेडाकडे धरते." ती खिडकीशी गेली. मान वाकडी करून, बापाच्या पुस्तकात एका डोळ्याने डोकावत उभी राहिली. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. मिटून राहणं हा माझा दोष नव्हता, तरी वाटली.

वज्दीचा हात खिशाकडे गेला. समोर गंमत दिसली की फोन काढायचा, ही जुनी सवय. त्याने फोटोची चौकटसुद्धा धरली. म्हातारी, खिडकी, पुस्तकातली फट. हा फोटो देशभर फिरला असता.

"काढ, काढ," हैफा हळूच म्हणाली. "खाली लिही, पुस्तकप्रेम."

वज्दीने फोन पालथा ठेवला. स्वयंपाकघरात गेला आणि हाताला लागली ती सुरी घेऊन आला. आईने नुकतीच त्या सुरीने हरीसाची, म्हणजे मिरचीच्या ठेच्याची, बरणी खरवडली होती.

"लल्ला, द्या ते इकडे."

"अरे, पण तुझा फोन..."

"द्या हो."

खर्र आवाज झाला. मला दुखलं का? साठ वर्षं अडकलेली शिंक एकदाची आली तर माणसाला कसं वाटेल, तसं मला वाटलं. पानाच्या कडेला मिरचीचा लाल ओघळ उमटला. वज्दी उभ्या उभ्या वाचू लागला.

"'व्यापारी दाढी खाजवू लागला. म्हणाला, पुठ्ठा हिरवा होता, साहेब. काझी म्हणाला, ते शेळीलाही दिसलं असेल. आत काय होतं? व्यापारी म्हणाला, आत... पानं होती.'"

इथे वज्दी अडखळला. त्याचे कान तापून लाल झाले. झुबैदाने श्वास धरला होता.

"'काझीने निवाडा दिला. शेळीने निदान पानं तरी उघडली. तेव्हा आजपासून कपाट शेळीच्या गोठ्यात जावं आणि शेळीचा चारा व्यापाऱ्याच्या ताटात.'"

झुबैदा अशी हसली, की चहाचा पेला कलंडला. पोट धरून हसली, डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "असं होतं होय! बाबा, असं होतं! आणि मी झोपून जायचे हो!" वज्दीच्या आईने तिला जवळ घेतलं. वज्दी मान खाली घालून उभा होता. त्या व्यापाऱ्याला तो फार जवळून ओळखत होता.

मग परतीच्या लुआजची वेळ होईपर्यंत तो कापत गेला आणि वाचत गेला. माझ्यातले विनोद पहिल्यांदाच हवेत उडत होते. काही फुसके निघाले, ते मी कबूल करतो. तरी झुबैदा त्यांनाही हसली. निघताना वज्दी मला तिच्या हातात देऊ लागला, तर तिने मला परत त्याच्या छातीशी लावलं. "माझी नजर आता बारीक अक्षराला पुरत नाही. तूच ठेव. फोनवरून वाचून दाखवत जा."

दंतवैद्याला कळवलं तेव्हा तो कळवळला. "कापलंत? मग आता ते नुसतं पुस्तक राहिलं!"

वज्दीने त्या संध्याकाळी पेजवर खरं ते लिहून टाकलं. 'मी आजवर दिलेला एकही विनोद या पुस्तकातला नव्हता. मी हे पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.' लोकांना ते इतकं आवडलं, की विचारू नका. हजारोंनी हसरे चेहरे पाठवले. 'आतापर्यंतचा सर्वांत भारी विनोद,' कुणीतरी लिहिलं. 'कुठल्या पानावर आहे?' दुसऱ्याने विचारलं. वज्दीने डोक्याला हात लावला.

आता माझी सद्यस्थिती सांगतो. अंगावर कॉफीचा वळ, मक्रूदचं तेल आणि मिरचीचे डाग आहेत. बशीरकाका मला आता वजनावरही घेणार नाही. काही आठवडे वज्दी नेमाने झुबैदाला वाचून दाखवत होता. माझी शेवटची घडी तेवढी कापायची राहिली आहे. त्यात सी अम्मारांनी आपल्या लेकीवर एक गोष्ट लिहिली आहे, गोष्ट ऐकता ऐकता रोज झोपून जाणाऱ्या त्या लेकीवर. हे झुबैदाला माहीत नाही, आणि वज्दीलाही नाही.

काल तिचा फोन आला होता. आवाज जरा खोल गेलेला. "वज्दी बाळा, शेवटी काय लिहिलंय रे बाबांनी?"

वज्दी कुणीतरी पाठवलेला बदकांचा व्हिडिओ बघत होता. "उद्या वाचतो, लल्ला. नक्की उद्या."

तू विशीतला आहेस, लेका, उद्या म्हणणं तुला परवडतं. बदकं कुठे जात नाहीत. ऊठ, सुरी आण.