घोरण्याचा पुरावा

"भाऊजी, आता ऐकवाच तो पुरावा," मेहुणी फोनवर म्हणाली. "आहे, आहे म्हणून किती वर्षं सांगताय! ताई खरंच तेवढी घोरत असेल, तर मी कापूस घालून झोपेन. पण तिला या वेळी मुक्कामाला पाठवा."

"पाठवतो. आधी पुरावा, मागून ताई," मेकॅनिक हसत म्हणाले.

त्यांचा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला होता. तळमजल्यावर उभं राहून वरचं कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते नेमकं सांगत. रात्री घोरण्याने त्यांना जाग यायची आणि शेजारी बायको दिसायची, निदान झालं! "आमची ही घोरते," असं त्यांनी भर पाहुण्यांत जाहीर केलं, तेव्हा एवढ्या तयार कानाविरुद्ध अपील कोण करणार? बायकोसुद्धा हसली होती. फक्त त्यानंतर ती कुणाकडे रात्रीची राहिली नाही. भाचीच्या लग्नातूनही शेवटच्या गाडीने परत आली. "नको बाई, लोकांची झोपमोड," एवढंच म्हणायची.

पुरावा बंद पडलेल्या जुन्या फोनच्या कार्डात होता, एका रात्री फोन उशाशी ठेवून रेकॉर्ड केलेला. ऐकला मात्र कधीच नव्हता. खात्री असलेल्या माणसाला ऐकायची गरज पडत नाही. आता नवा फोन ती जुन्या फॉरमॅटची फाइल वाजवेना.

मुलीने ती कम्प्युटरवर घेतली आणि एक वेबपेज सुचवलं. "बाबा, हे फॉरमॅट ब्राउझरमध्येच बदलतं. फाइल कम्प्युटरबाहेर जात नाही."

"असं सगळेच म्हणतात," म्हणत त्यांनी पेज उघडलं आणि इंटरनेटची वायरच उपटली. बेडरूमचा मामला, परक्याच्या दारात कशाला? तरीही पडद्यावरची पट्टी निमूट पुढे सरकली आणि एमपीथ्री तयार झाली. घरातली गोष्ट घरातच राहिली, म्हणून मेकॅनिक खूश झाले. त्यांनी हेडफोन चढवले.

घोरणं खणखणीत होतं, शेवटी शिट्टीसकट. त्यांनी सवयीने डोळे मिटून निदान केलं: मोटर जुनी, भार जास्त. तेवढ्यात त्या घोरण्याच्या वर बायकोचा आवाज आला, टक्क जागा. "अहो, कुशीवर वळा ना जरा."

घोरणं थांबलं. "हं," कुणीतरी म्हणालं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुन्हा मोटर सुरू. पुन्हा "अहो". मग पलंग करकरला, पावलं वाजली, बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

हेडफोनखाली मेकॅनिकचे कान तापले. फाइल पुसून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. ती कम्प्युटरबाहेर गेलीच नव्हती.

"काय हो, पाठवलंत?" बायको दारात उभी होती. "फार मोठ्यानं घोरते का मी?"

त्यांनी हेडफोनची पिन उपटली आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.

ती उभ्यानेच ऐकत राहिली. "हे तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी?"

"तू... जागी."

"मग मी भाचीच्या लग्नात..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

भांडण झालं असतं तर मेकॅनिकना बरं वाटलं असतं. तिने स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग काढायला चढली. त्यांनी स्टूल धरलं. न वापरून बॅगेची चेन गंजली होती. ते तेलाची कुपी घेऊन जमिनीवर बसले. चेन कुरकुरली. आजवर असा आवाज आला की ते सांगायचे आणि दुसऱ्यांनी ऐकायचं.

"कुठे अडकतेय गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं, आणि तिच्या उत्तरासाठी थांबून राहिले.