उजवा तळहात

दुकानदार मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता आणि मास्तर खुशाल चढत होते.

"कारागिराचा हात आहे हो तुमचा. तुम्हाला शिकवायचं ते काय!"

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांचं आयुष्य शर्ट-पँटी शिवण्यात गेलं आणि बाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, शेजारच्या स्टुलावर बसून काजं-बटणं करण्यात. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं तसं दुकान बंद केलं, शिलाई मशीन विकलं आणि मास्तर घरी खिडकीपाशी जाऊन बसले. बसले ते बसलेच. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. त्यांच्या चिडचिडीची बाईंना सवय होती, या मुकेपणाची नव्हती. मग एकदा फोनवर कुणीतरी लेथ मशीनवर लाकडाचा वाडगा करताना दिसला आणि हा माणूस जेवता जेवता बोलायला लागला. लाकूड कसं फिरतं, पटाशी कशी धरायची, भुसा कसा उडतो, सगळं. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालंय असंही ते म्हणाले, आणि बाईंना स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

आज दोघं लेथ बघायला आली होती. येताना मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या मर्जीशिवाय घरात येणार नाही. तू नाही म्हणालीस की विषय संपला."

बाई नवऱ्याला ओळखून होत्या. विषय खरोखर संपला असता आणि मास्तर पुन्हा खिडकीत जाऊन बसले असते. नको ती मोठी जबाबदारी देऊन मोकळं व्हायची या माणसाची खोड जुनीच.

त्यांना परवडतील अशी दोनच मशीनं दुकानदाराच्या गोदामात होती. एक वापरलेलं, लांबलचक आणि दणकट. त्यावर खुर्चीचे पायसुद्धा झाले असते. दुसरं नवं, पण हातभर लांबीचं. मास्तरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुकानदाराने लांब मशीनवर एक चौकोनी दांडकं चढवलं. डावीकडून मोटर ते फिरवणार, उजवीकडून एक टोकदार टेकू ते दाबून धरणार. टेकू आवळायला उजव्या टोकाला छोटंसं चाक होतं. बंद करायचं बटण मात्र पार डावीकडे, मोटरच्या खाली. मास्तरांनी तोंडावर काचेचा मुखवटा चढवला आणि पटाशी टेकवली. पांढऱ्या ढलप्या उडाल्या. बाईंना त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ कितीतरी दिवसांनी ताठ झालेली होती.

तेवढ्यात पटाशी लाकडात अडकली. खाडकन आवाज झाला. मास्तर दचकले, त्यांचा पाय जमिनीवरून उचलला गेला, उजवा हात सुटला आणि तळहात सपकन उजव्या चाकावर बसला. दांडकं सुटून त्यांच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि मागच्या पत्र्यावर आदळलं.

दुकानदाराने धावत जाऊन मशीन बंद केलं. "माझी चूक! टेकूची खिट्टी आवळायची राहिली. नाहीतर काही झालं नसतं."

"खिट्टीच सैल होती," मास्तर लगेच म्हणाले.

दोन्ही पुरुषांचं एकमत झालं. बाईंना मात्र ते पटलं नाही, कारण त्यांनी उचललेला पाय पाहिला होता.

शिवताना काही बिनसलं की पायडलवरून पाय उचलायचा आणि उजव्या तळव्याने चाक थोपवायचं. बाईंनी हे स्टुलावर बसून आयुष्यभर पाहिलं होतं. कापड गोळा झालं, दोरा तुटला, कुणी हाक मारली, की तळहात चाकावर. तिथे त्याने मशीन थांबायचं. इथे तशाच चाकाने टेकू मागे सरकून लाकूड सैल सुटतं, आणि मोटर आपली फिरतच राहते.

"खिट्टी नव्हे. तुम्ही चाक थोपवलंत," बाई म्हणाल्या.

"काहीतरीच तुझं!"

"पायही उचललात. खाली पायडल होतं का?"

मास्तर वरमले. "मोडेन की सवय. मी काय लहान आहे?"

"दचकल्यावर माणूस विचार करून हात हलवतो का? उद्या दांडकं कानाजवळून न जाता कानावर आलं तर? बोटंच आत गेली तर?"

मास्तरांनी मुखवटा काढून फळीवर ठेवला. त्यांचा चेहरा बाईंच्या डोळ्यांदेखत खिडकीतल्या चेहऱ्यासारखा व्हायला लागला. नाही म्हणावं तर हे पाहायचं, हो म्हणावं तर उद्या रक्त. बाईंना दुकानदाराचा, नवऱ्याचा आणि त्या फोनवाल्या वाडग्याचा एकदमच संताप आला.

"ते छोटं दाखवा," त्या म्हणाल्या.

"त्याच्यावर काय होणार?" मास्तर पुटपुटले.

छोट्या मशीनचं बटण मशीनला जोडलेलं नव्हतं. वायरीच्या टोकाला एक डबी, तिच्यावर तळहाताएवढं लाल बटण आणि पाठीला लोहचुंबक. "कुठंही चिकटवा," दुकानदार म्हणाला. बाईंनी डबी उचलली आणि उजव्या चाकाच्या अगदी पुढ्यात, चाकावर पडणारा हात आधी तिच्यावरच पडेल अशी चिकटवली. काजं करताना जागा हेरायची नजर होती ती. दुकानदाराने नवं दांडकं चढवलं आणि या वेळी खिट्टी दोनदा आवळली.

मास्तर मन मारून उभे राहिले. पण लाकूड फिरायला लागलं, पटाशी टेकली आणि हळूहळू ते त्यात रमले. चौकोनाचे कोपरे गेले, गोलाई आली. बाई मागे उभ्या होत्या. आपण काय करणार आहोत ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. अंदाज चुकला तर हा हात आपल्यामुळे जाईल. पण घरी दाराची बेल वाजेल, कुणीतरी मागून हाक मारेल, तेव्हा आपण शेजारी असूच असं कुठे आहे? त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला आणि त्या जिवाच्या आकांताने किंचाळल्या.

मास्तरांचा पाय उचलला गेला. उजवा हात सुटला, सपकन खाली आला आणि लाल बटणावर बसला.

लाकूड घरघरलं, मंदावलं, थांबलं.

मास्तर गर्रकन वळले. "काय झालं? कुठं लागलं तुला?"

"काही नाही."

"मग ओरडलीस का?"

बाईंनी नुसतं डबीकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. समजायला त्यांना जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ते भडकलेच.

"मुद्दाम? अगं, माझं काळीज बंद पडलं असतं म्हणजे?"

"पडलं असतं. बोटं तरी राहिली असती."

दुकानदार हसला. त्याला कुणी साथ दिली नाही, तेव्हा तो दांडकं सोडवायला लागला.

मास्तर लांब मशीनकडे बघत राहिले. "छोट्यावर खुर्चीचे पाय होणार नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"नाही होणार."

"वाडगे होतील. लहान लहान."

"मीठ ठेवायला एक करा," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा उजवा हात ओढून घेतला, भुसा झटकला आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाची बोटं बघावीत तसं एकेक बोट धरून बघायला सुरुवात केली. परका माणूस समोर उभा होता, पण त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"अगं, पुरे. आहेत सगळी," मास्तर हळूच म्हणाले.

"हेच बांधून द्या," बाईंनी दुकानदाराला सांगितलं, आणि हात काही सोडला नाही.