जानकी मेल्यावर लिहायला शिकली

चारकोपच्या आमच्या सोसायटीत त्या रविवारी नंदूच्या दाराशी चपला ठेवायला जागा नव्हती. नंदूची मेलेली आई, जानकी, म्हणे फेसबुकवर बोलत होती, आणि तीही छापील मराठीत!

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा लावून सगळ्यांना मोकळं केलं. त्याच संध्याकाळी जानकीच्या फोटोचं खातं उघडलं आणि घराघरांत मेसेज गेले: 'माझा आत्मा अतृप्त आहे. सुनेने गोळ्या दिल्या नाहीत. तिला घराबाहेर काढा, तरच मला गती.' झालं! लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. सून अक्षता, जिने सासूचं अंथरुणातलं सगळं केलं, तिची बॅग आज दाराशी होती. माझं डोकंच फिरलं.

नंदूचा चुलतभाऊ नितेश कीर्तनकाराच्या थाटात मेसेज वाचत होता. मध्येच डोळे पुसत होता, पण ते कोरडेच दिसत होते.

"नंदू, तुझी आई बँकेत अंगठा उठवायची," मी म्हटलं. "मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण तिला साधी सही शिकवू शकले नाही. ही लिहायला कधी शिकली रे?"

यावर सोसायटीतले जाणते कुंडलिकभाऊ म्हणाले की देह सुटला की सगळी विद्या आपोआप येते. म्हणजे मी उगाच घसा फोडला म्हणायचा.

मी तिथेच त्या खात्यावर लिहिलं, जानकी, तू मला नेहमी फोनमध्ये बोलून आवाजाचा मेसेज पाठवायचीस, तसाच आता पाठव. नितेश पाणी प्यायला आत गेला. लगेच उत्तर आलं: 'मृतांना आवाज नसतो.'

"आवाज नाही, आणि टाइप करायला बोटं आहेत?"

दोघंतिघं हसले. नंदू हसला नाही. तो नितेश गेला त्या दाराकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी नंदू आणि अक्षता मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. तपासात खातं नितेशच्याच नंबरवरून उघडलेलं निघालं. फोटो श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा, हार कापून घेतलेला. तो घाणेरडे मेसेज पाठवायचा म्हणून अक्षताने त्याला ब्लॉक केलं होतं, त्याचा हा सूड. दुसऱ्याचं नाव चोरणं, बाईचा ऑनलाइन छळ, बदनामी, सगळ्याचा गुन्हा नोंदला गेला. नुसत्या ओळख चोरण्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नितेश म्हणाला, मजाक होता यार. पोलिसांना काही हसू आलं नाही.

कुंडलिकभाऊ अजून विचारतात, मग कावळा का नाही शिवला? अहो, त्याला भूक नसेल. पण मेलेल्याच्या नावाने कुणी जिवंत माणसावर बोट दाखवलं, तर हात जोडू नका. ते बोट कुणाचं आहे, ते आधी विचारा.

बॅग रिकामी केल्यावर अक्षताने आपल्या फोनमधला जानकीचा जुना आवाजाचा मेसेज लावला. इतके दिवस तिला ऐकायचा धीर झाला नव्हता. हात जोडणारे सगळे समोरच होते.

"बायो, गोळी घेतलंय गो मी. तू जेव आधी."